लवकर पिकलेले केस आणि फुप्फुसाचा फायब्रोसिस: ठाण्यातलं एक प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि आमचे निर्णय मात्र झाले तसेच ठेवले आहेत.

काका ६७ वर्षांचे. राहायला नौपाड्यात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उभं आयुष्य लेथवर टर्नर म्हणून काढलं. तरुणपणी सिगारेट होती, ती चाळिशीत सुटली. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला, तेव्हापासून रोज अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि अ‍ॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल. माझ्याकडे आले ते कोरड्या खोकल्यासाठी, आणि तो खोकला दीड वर्षाचा जुना होता. आधी अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या झाल्या, मग इनहेलर झाला. एका ठिकाणी एक्स-रे पाहून टीबीची शंका आली, पण थुंकीत काही सापडलं नाही. शेवटी आणखी एका ठिकाणी तीन आठवडे प्रेडनिसोलोन मिळालं. स्टेरॉइडवर भूक वाढली, अंगात तरतरी आली, त्यामुळे औषध लागू पडतंय असं घरच्यांना वाटलं. खोकला होता तिथेच होता, आणि आता गोखले रोडवरून स्टेशनपर्यंत जाताना काकांना दोनदा थांबावं लागत होतं.

पाठीवर बरगड्यांच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवला आणि काकांना श्वास पूर्ण आत घ्यायला सांगितला. श्वासाच्या अगदी शेवटी बारीक, कोरडी करकर ऐकू आली. दोन्ही बाजूंना सारखी. कफाचा आवाज खोकून झाल्यावर बदलतो किंवा जातो, हा तसाच राहिला. मग बोटं पाहिली. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून धरली, की निरोगी माणसाच्या नखांच्या मुळाशी एक छोटी चौकटीची फट दिसते. काकांच्या बोटांत ती फट नव्हती. शेजारी बसलेल्या काकूंनी लगेच स्वतःची बोटं जुळवून पाहिली. त्यांच्या बोटांतून खिडकीचा उजेड दिसत होता. त्या एकदम गप्प झाल्या.

तपासण्या आल्या त्या अशा. जोर लावून फुंकलेली एकूण हवा, म्हणजे एफव्हीसी, १.९८ लिटर, अपेक्षित आकड्याच्या ६६ टक्के. फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो हे सांगणारी डीएलसीओ ४१ टक्के. सहा मिनिटांत ३४२ मीटर चालले, पण ऑक्सिजन ९५ वरून ८६ वर उतरला. टूडी एकोमध्ये उजव्या बाजूचा दाब थोडा वाढलेला. रक्तात प्लेटलेट १ लाख ८ हजार आणि लाल पेशींचा आकार नेहमीपेक्षा किंचित मोठा. प्लेटलेटचा हा आकडा आधीच्या दोन रिपोर्टांतही कमीच होता, पण डेंग्यू होऊन गेला असेल म्हणून सोडून दिला गेला होता. एचआरसीटीवर, म्हणजे छातीच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनवर, फुप्फुसांच्या तळाशी, कडेकडेने, एकावर एक रचलेल्या पोकळ्या आणि ताणून वाकड्या झालेल्या श्वासनलिका. रेडिऑलॉजिस्ट ज्याला हनीकोंबिंग, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी जाळी, म्हणतात ते चित्र ठळक होतं.

आधी कबुतरं

ठाण्यात किंवा मुंबईत असा सीटी हातात आला की पहिला प्रश्न कबुतरांचा विचारावा लागतो. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांनी मिळून १,०८४ रुग्णांची नोंद ठेवली होती, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांमध्ये आपल्याकडे सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ ४७ टक्के, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा निघाला. म्हणजे पक्ष्यांची विष्ठा आणि पिसं, एअर कूलरमधली बुरशी असल्या गोष्टी वर्षानुवर्षं श्वासातून आत गेल्याने होणारा आजार. फायब्रोसिस म्हणजे फुप्फुसात व्रण साचून ते कडक होत जाणं; त्यातला कारण न सापडणारा प्रकार, आयपीएफ, सुमारे १४ टक्के होता. हा फरक नुसता नावाचा नाही. पहिल्यात कबुतरं हटवायची आणि बहुधा स्टेरॉइड द्यायचं. दुसऱ्यात स्टेरॉइडने काही साधत नाही, उलट घात होऊ शकतो.

काकांच्या बाथरूमच्या डक्टमध्ये कबुतरांची घरटी होती. कुठल्या इमारतीत नसतात? म्हणून आम्ही घाई केली नाही. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन घेतलेल्या पाण्यात लिम्फोसाइट वाढलेले नव्हते. सीटीवर हवा अडकल्याचे पट्टे नव्हते. सांध्यांच्या आजाराच्या रक्तचाचण्या निगेटिव्ह आल्या. रेडिऑलॉजिस्ट, संधिवाततज्ज्ञ आणि मी एकत्र बसलो आणि आयपीएफ ठरवला. तरीही डक्टला जाळी बसवून घ्यायला सांगितली. धातूची धूळ आणि जुनी सिगारेट या दोन्हींमुळे आयपीएफचा धोका वाढतो, तेव्हा लेथची वर्षंही फाइलमध्ये लिहून ठेवली.

काकूंनी सांगितलेलं

निदान सांगायला बसलो तेव्हा घरच्यांची मागणी साधी होती: ती आधीची स्टेरॉइडची गोळी परत सुरू करा, तिने बरं वाटत होतं. नाही का म्हणते ते समजावताना मी घराण्याबद्दल विचारलं. काका म्हणाले, "तसं काही नाही." काकू म्हणाल्या, "नाही कसं? मोठ्या भाऊजींना काय झालं होतं?"

काकांचे मोठे भाऊ साठीच्या आसपास गेले. गावाकडे टीबी म्हणून उपचार झाले, गुण आला नाही, शेवटी घरात ऑक्सिजन लावावा लागला. एका बहिणीचं यकृत सुकत गेलं आणि ती पन्नाशीत गेली. दारूचा थेंब नाही, कावीळ नाही, तरी असं कसं, हा प्रश्न घरात तसाच राहिला. शेवटी काकू सहज बोलून गेल्या, "ह्यांच्याकडे सगळ्यांचे केस पंचविशीतच पांढरे होतात. आमच्या लग्नात ह्यांनी कलप लावला होता."

पिकलेले केस, कमी प्लेटलेट, मोठ्या लाल पेशी, दारूशिवायचा सिरोसिस, दोन भावांची फुप्फुसं. हे सगळं एका धाग्यात बसतं, आणि त्या धाग्याचं नाव टेलोमिअर.

इथे जरा मागे जायला हवं. १९६१ मध्ये फिलाडेल्फियातल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या सामान्य पेशी काचेच्या भांड्यात अनंत काळ वाढत नाहीत. साधारण पन्नास वेळा दुप्पट झाल्या की विभागणी थांबते. पेशी मरत नाही, पण पुढे सरकतही नाही. पुढे या अभ्यासासाठी जगभर वापरली गेलेली हेफ्लिक यांची डब्ल्यूआय-३८ ही पेशीमालिका गर्भाच्या फुप्फुसातूनच घेतलेली होती. थांबण्याचं एक मुख्य कारण नंतर कळलं: गुणसूत्रांच्या टोकांशी असलेले टेलोमिअर दर विभागणीला थोडे झिजतात, आणि फार आखूड झाले की पेशी त्याला डीएनएची इजा समजून स्वतःला कुलूप लावते. ही टोकं आणि ती पुन्हा लांब करणारं टेलोमरेज हे विकर यांवरच्या कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. त्याआधी दोन वर्षं, २००७ मध्ये, दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं होतं की ज्या घरांत फुप्फुसाचा फायब्रोसिस पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, त्यांतल्या काहींमध्ये टेलोमरेजच्या जनुकातच दोष असतो.

काकांच्या रक्ताची जनुकीय तपासणी केली. काही आठवड्यांनी अहवाल आला: टेलोमरेजच्या टीईआरटी या जनुकात रोगकारक बदल.

फुप्फुसात याचा परिणाम असा होतो. वायुकोशांच्या भिंतीत टाइप-२ नावाच्या पेशी असतात. भिंत फाटली, झिजली की याच पेशी विभागून ती सांधतात. काकांच्या या पेशींकडे जन्मापासूनच विभागण्याची शिल्लक कमी होती. त्यात लेथची धूळ आणि सिगारेट. दुरुस्ती करणारी पेशीच जीर्ण झाली, म्हणजे असं कुलूप लावून बसली, की जखम उघडी राहते. शिवाय जीर्ण पेशी मुकाट बसत नाही. ती इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, ऊती कुरतडणारी विकरं आणि टीजीएफ-बीटासारखे संदेश आजूबाजूला सोडत राहते. ज्युडिथ कँपिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या स्रावांचं सविस्तर वर्णन केलं. त्या संदेशांमुळे शेजारच्या पेशीही जीर्ण होऊ लागतात, आणि फायब्रोब्लास्ट, म्हणजे व्रणाचे धागे विणणाऱ्या पेशी, कोलॅजेनचे थर चढवत सुटतात. मी हे कागदावर काढून दाखवत होते. काका म्हणाले, "म्हणजे पेटीतला नासका आंबा." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आता स्टेरॉइडच्या मागणीकडे. अमेरिकेत आयपीएफच्या रुग्णांवर प्रेडनिसोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या तिन्हींची एकत्र चाचणी चालू होती. अनेक वर्षं जगभर हाच उपचार दिला जात होता. २०११ मध्ये तो गट मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत ८ मृत्यू झाले आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्यांत १. २०१९ मध्ये त्याच रुग्णांचे साठवलेले नमुने तपासले गेले, तेव्हा दिसलं की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा हा घात प्रामुख्याने आखूड टेलोमिअर असलेल्यांमध्ये एकवटला होता. त्यांच्या अस्थिमज्जेकडेही राखीव साठा कमी असतो.

पेशींच्या म्हातारपणाच्या विज्ञानाचा काकांना झालेला पहिला प्रत्यक्ष फायदा हा होता. नवं औषध मिळण्याच्या कितीतरी आधी, त्यांना कुठलं औषध देऊ नये हे या विज्ञानाने सांगितलं. मी त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: दीर्घकाळ स्टेरॉइड नको, अ‍ॅझाथायोप्रिन नको, कुठेही दाखल झालात तर हे पान दाखवा.

मुलीची मागणी

काकांची मुलगी ३९ वर्षांची, ऐरोलीला आयटी कंपनीत कामाला. पुढच्या वेळी ती एकटी आली. हातात छापून आणलेले शोधनिबंध, रेघा मारलेले. "मॅडम, मला खोटी आशा नकोय," ती म्हणाली. "पण जीर्ण पेशी हेच मूळ असेल, आणि त्या मारणारी औषधं असतील, तर पप्पांना ती का द्यायची नाहीत? डासाटिनिब ठाण्यात मिळतं. क्वेर्सेटिन मी मागवलंसुद्धा आहे. पप्पांकडे वेळ नाही. त्यांच्याकडे गमावण्यासारखं काय आहे?"

तिचं वाचन चोख होतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये उंदरांमधल्या पी-१६ हे चिन्ह असलेल्या जीर्ण पेशी जनुकीय युक्तीने काढून टाकल्या, तेव्हा म्हातारपणाच्या खुणा लांबल्या. जीर्ण पेशी मरत नाहीत, कारण त्या आत्मनाश रोखणाऱ्या यंत्रणा जोरात चालू ठेवतात. त्या यंत्रणा बंद पाडणारी औषधं शोधताना २०१५ मध्ये दोन नावं पुढे आली: रक्ताच्या एका कर्करोगावरचं डासाटिनिब आणि कांद्यात, सफरचंदात असणारं क्वेर्सेटिन. २०१७ मध्ये ब्लिओमायसिन देऊन फुप्फुसं खराब केलेल्या उंदरांमध्ये ही जोडी दिली, तर त्यांची फुप्फुसं आणि शरीराची ताकद सुधारली. त्याच अभ्यासात आयपीएफच्या रुग्णांच्या फुप्फुसांत जीर्ण पेशींची चिन्हं वाढलेलीही आढळली.

आणि माणसांमध्ये या जोडीची पहिलीवहिली चाचणी झाली तीही आयपीएफमध्येच. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १४ रुग्ण, रोज १०० मिलिग्रॅम डासाटिनिब आणि १,२५० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन, आठवड्यातून सलग तीन दिवस, असे तीन आठवडे. सहा मिनिटांच्या चालीत मध्यक (मीडियन) वाढ २१.५ मीटर. चालण्याचा वेग आणि खुर्चीतून उठण्याची चपळाईही सुधारली. मुलीने या आकड्यांवर पिवळी रेघ मारली होती.

मी तिला त्याच निबंधातली पुढची ओळ दाखवली. फुप्फुसाच्या क्षमतेत काहीही बदल झाला नव्हता. शिवाय प्लासिबो गट नव्हता. आपल्याला नवं औषध मिळतंय हे सर्वांना माहीत होतं, आणि ही चाल दुसऱ्यांदा चालताना माणूस सवयीनेही थोडा पुढे जातो. आयपीएफमध्ये साधारण २५ ते ३० मीटरच्या खालचा फरक रुग्णाला जाणवतोच असं नाही. संशोधकांनी स्वतः या चाचणीला व्यवहार्यता पाहणारी पायरी म्हटलं होतं, आणि तेवढंच तिचं काम होतं. २०२३ मध्ये प्लासिबोसह चाचणी झाली ती १२ जणांची, सहा-सहाच्या दोन गटांत. औषध सहन होतं का, हे पाहायला ती बेतलेली होती. गुण येतो का, हे तिला ठरवता येणारच नव्हतं.

उंदरांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ब्लिओमायसिनने झालेला फायब्रोसिस तरुण उंदरांमध्ये काही आठवड्यांनी आपोआप बराच ओसरतो. काकांचा ओसरणारा नाही. प्राण्यांमध्ये चाललेल्या कितीतरी औषधांनी आयपीएफच्या रुग्णांत निराशा केली आहे, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आणि सगळ्याच जीर्ण पेशी वैरी नसतात. २०२२ मध्ये उंदरांच्या निरोगी फुप्फुसात पी-१६ असलेल्या काही फायब्रोब्लास्ट पेशी सापडल्या, ज्या इजा ओळखून शेजारच्या मूळ पेशींना दुरुस्तीला लावतात. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांच्या यकृतातल्या अशा पेशी काढल्या, तर त्या जागी नव्या पेशी आल्या नाहीत, फायब्रोसिस झाला. ज्या घरात आधीच एकीचं यकृत सुकलं आहे, तिथे मला हे वाक्य ओलांडून पुढे जाता येत नव्हतं. म्हातारपण लांबवणारं म्हणून गाजलेल्या रॅपामायसिनचा भाऊबंद एव्हरोलिमस आयपीएफमध्ये वापरून पाहिला गेला होता. २०११ च्या त्या निष्कर्षांत औषध घेणाऱ्यांचा आजार प्लासिबोपेक्षा लवकर वाढला. तर्क तिथेही सुंदर होता.

गमावण्यासारखं

मुलीच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधनिबंधांत नव्हतं, काकांच्याच फाइलमध्ये होतं. मी ती तिच्यासमोर उघडली आणि आम्ही दोघी एकेक पान पाहत गेलो.

डासाटिनिब प्लेटलेट कमी करतं, आणि असलेल्या प्लेटलेटचं कामही मंदावतं. काकांच्या प्लेटलेट १ लाख ८ हजार, वर स्टेंटसाठी अ‍ॅस्पिरिन. पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव झाला तर तो थांबवायला शरीरात फारसं काही उरत नाही. अ‍ॅस्पिरिन थांबवावं, तर स्टेंट बंद पडण्याची भीती.

डासाटिनिबमुळे छातीत पाणी भरू शकतं, आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढू शकतो. या दाबाबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये इशाराही दिला आहे. ठणठणीत फुप्फुसांचा माणूस हे निभावून नेतो, औषध बंद केलं की बहुतेकदा उतारही पडतो. काकांच्या उजव्या हृदयावर आधीच ताण दिसत होता. तिथे पाव लिटर पाणीसुद्धा त्यांना दवाखान्यात झोपवायला पुरेसं होतं, आणि आयपीएफचा रुग्ण एकदा श्वास बिघडून दाखल झाला की परत पहिल्यासारखा घरी जातोच असं नाही.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण घरगुती प्रयोगांत तीच हमखास सुटते. पँटोप्राझोलसारख्या गोळीने पोटातलं आम्ल कमी झालं की डासाटिनिब नीट शोषलंच जात नाही. म्हणजे मात्रा किती पोहोचली हे कळणार नाही, आणि पँटोप्राझोल बंद करावं तर अ‍ॅस्पिरिन पोटाला झोंबणार.

क्वेर्सेटिनची बाटलीही मी बाजूला ठेवायला सांगितली. भाजीतला कांदा वेगळा, रोजची सव्वा ग्रॅम कॅप्सूल वेगळी. तीही इतर औषधांच्या पचनात हात घालू शकते, आणि एकटीने फुप्फुसाला फायदा होतो असा माणसांमधला आधार नाही.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पप्पांसाठी ही वाट बंद." मी म्हटलं, चाचणीच्या बाहेर, होय. चाचणीत असते तर आठवड्याला रक्त तपासलं गेलं असतं, एको झाला असता, काही बिनसलं तर थांबवायचे नियम आधी ठरले असते, आणि जे घडलं त्यातून पुढच्या रुग्णाला काही कळलं असतं. आम्ही दोघींनी मिळून देशाच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत शोध घेतला. काकांचं वय, स्टेंट आणि प्लेटलेट पाहता त्यांना घेईल अशी जीर्ण पेशींवरची चाचणी मिळाली नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, कारण असे निबंध घेऊन येणारी ती एकटी नाही. तिच्या मागणीत मूर्खपणा नव्हता. ज्या लक्ष्याकडे ती बोट दाखवत होती ते लक्ष्य खरं असण्याची शक्यता मला मोठी वाटते. माझा नकार या जोडगोळीला, या रुग्णात, या टप्प्यावर होता. असा नकार देताना डॉक्टरने फाइल उघडून कारणं दाखवलीच पाहिजेत. नुसतं "इंटरनेटवरचं वाचू नका" म्हणून माणसं थांबत नाहीत. ती फक्त दुसऱ्या दुकानात जातात.

मग काय दिलं

फायब्रोसिस मंदावणारी दोन औषधं २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि आता आपल्याकडे जेनेरिकमध्ये मिळतात: पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब. निन्टेडानिबच्या एका मोठ्या चाचणीत एफव्हीसीची वार्षिक घट सुमारे २४० मिलिलिटरवरून ११५ मिलिलिटरवर आली होती. ही औषधं गेलेलं फुप्फुस परत आणत नाहीत, उतार कमी तीव्र करतात. निन्टेडानिबने रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून काकांसाठी पिरफेनिडोन निवडलं. टेलोमरेजच्या दोषामुळे त्यांचा आजार इतरांपेक्षा वेगाने वाढण्याची भीती होती, त्यामुळे "थोडं थांबून बघू" हा पर्याय ठेवला नाही.

पहिल्या महिन्यात मळमळीने जेवण अर्ध्यावर आलं. गोळी जेवणाच्या मध्ये घ्यायला लावली, मात्रा हळूहळू वाढवली, ते सुधारलं. मग तलावपाळीला सकाळच्या फेऱ्या मारताना दोन्ही हात लाल होऊन आले, कारण या औषधाने त्वचेला ऊन सोसत नाही. फेऱ्या उजाडायच्या आत, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, चेहऱ्याला सनस्क्रीन. सनस्क्रीन लावायला काकांनी जितका विरोध केला तितका दुर्बिणीच्या तपासणीलाही केला नव्हता. दर महिन्याला यकृताची चाचणी आणि प्लेटलेट. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस. चालताना दोन लिटर ऑक्सिजन, त्यासाठी घरी कॉन्सन्ट्रेटर, आणि वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर व एक भरलेला सिलिंडर. फुप्फुस प्रत्यारोपणासाठी मुंबईच्या केंद्राचं मत घेतलं. वय, स्टेंट आणि प्रत्यारोपणानंतरची औषधं न पेलणारी अस्थिमज्जा, या तिन्हींमुळे त्यांनी नको म्हटलं.

वर्षाने एफव्हीसी १.८९ लिटर. ९० मिलिलिटरची घट. औषध नसतं तर किती झाली असती, हे एका माणसात सांगता येत नाही. खोकला आहे. प्लेटलेट १ लाखाच्या आसपास टिकून आहेत. एकदाही दाखल व्हावं लागलं नाही. गडकरी रंगायतनला नाटक पाहायला जाताना ते छोटा सिलिंडर नेतात आणि कडेची खुर्ची मागून घेतात.

मुलीची फाइल

काकांचा जनुकीय अहवाल आला त्याच दिवशी मला माहीत होतं, की पुढचा रुग्ण कदाचित समोरच बसला आहे. तिच्या केसांना रंग होता. हा बदल आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते, आणि पिढीगणिक टेलोमिअर आणखी आखूड होऊन त्रास लवकर दिसू शकतो. तरीही बदल असलेल्या प्रत्येकाला फुप्फुसाचा आजार होतोच असं नाही. हे सांगायला मी तिला जनुकीय समुपदेशकाकडे पाठवलं. निर्णय तिचा होता. पुण्यातल्या तिच्या भावाने तपासणी नको म्हटलं, आणि तोही निर्णय आम्ही तसाच मान्य केला.

तिने केली. बदल आहे.

तिची एफव्हीसी, डीएलसीओ आणि सीटी आज सामान्य आहेत. यकृत ठीक. प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे सामान्याच्या खालच्या काठावर. धूर, कबुतरं आणि दारू टाळायची, दरवर्षी फुंकण्याची चाचणी आणि रक्त. पुढे कधी कुठल्याही आजारासाठी कुणी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध लिहिलं, तर आधी हा अहवाल दाखवायचा. अकरा वर्षांच्या मुलाची तपासणी आता करायची नाही. तो सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवेल.

मागच्या भेटीत तिने तोच प्रश्न वेगळ्या रूपात विचारला. पप्पांना उशीर झाला होता, मला झालेला नाही, मग माझ्यासाठी जीर्ण पेशींवरचं औषध कधी? हा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त योग्य आहे, कारण व्रण पडायच्या आधीचं फुप्फुस वाचवणं हेच या उपचारांचं खरं क्षेत्र असू शकतं. मी तारीख सांगितली नाही. कशाची वाट पाहायची ते मात्र तिच्या फाइलमध्ये लिहून दिलं: प्लासिबोसह झालेली, किमान वर्षभर चाललेली आणि एफव्हीसी मोजणारी चाचणी. तीत आखूड टेलोमिअरच्या रुग्णांचे निकाल वेगळे दिलेले हवेत, आणि त्यांच्या प्लेटलेट, यकृत आणि फुप्फुसाच्या धमनीतल्या दाबाचं काय झालं तेही. या क्षेत्राच्या घाईला एक धडा आधीच मिळाला आहे: युनिटी बायोटेक्नॉलॉजी या कंपनीचं जीर्ण पेशींवरचं औषध २०२० मध्ये गुडघ्याच्या संधिवातात प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. तेव्हा १४ जणांवरची आणखी एखादी आशादायक बातमी आली तर ती मला जरूर पाठव, असं मी तिला सांगितलं आहे. आपण ती मिळून वाचू, पण तुझी गोळी त्या बातमीवर ठरणार नाही. तिची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.